सातारजवळ अर्ध्या दिवसाचा ट्रेक करायचाय? डोंगर ठरवायच्या आधी ढग आणि घड्याळ बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही सांगलीहून गाडीने येणार, सप्टेंबरचा शेवटचा रविवार, बरोबर मिस्टर, दहा वर्षांची मुलगी आणि त्रेसष्ट वर्षांच्या आई, ज्यांना चालायची सवय आहे पण गुडघा उतरताना दुखतो. चालणं एकूण तीन तासांच्या वर नको, पण वर गेल्यावर दरी, डोंगर, पाणी असं डोळे भरून बघायला मिळालं पाहिजे. आणि तुम्ही विचारलंय की "सगळ्यात भारी व्ह्यू कुठला, कास की ठोसेघर की अजिंक्यतारा?"

मी सातारचाच, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली या डोंगरांवर हिंडतोय, शाळेची पोरं, बँकेतले लोक, रिटायर झालेले मास्तर असे सगळ्या प्रकारचे ग्रुप नेलेत. त्यामुळं पहिलं सांगतो की सगळ्यात भारी व्ह्यू कुठला हा प्रश्नच घरी बसून ठरवायचा नाही. त्या दिवशी त्या वेळेला कुठला डोंगर उघडा आहे हे बघायचं. लोक पुण्या-मुंबईवरनं, कोल्हापूरवरनं तासन्‌तास गाडी चालवून येतात, कासच्या पठारावर उभे राहतात आणि पांढऱ्या भिंतीपलीकडं काही दिसत नाही, आणि त्याच वेळी तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवर जरंडेश्वरावर लख्ख ऊन असतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण थोडं समजून आलं असतं तर त्यांचा दिवस वाया गेला नसता.

कसंय बघा, आपल्या जिल्ह्याचा पश्चिमेकडचा काठ म्हणजे सह्याद्रीची मुख्य रांग. कोकणातनं येणारा ओला वारा तिथं आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि ढग तयार होतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पाचगणी तिथून जेमतेम वीस किलोमीटर पण तिथं त्याच्या निम्म्याहून कमी, वाईला आणखी कमी, आणि माण-खटावकडं गेलात तर दुष्काळी पट्टा. एकाच जिल्ह्यात हे सगळं. याचा ट्रेकसाठी अर्थ एवढाच की पावसाळी हवा असेल तर जेवढं पश्चिमेला जाल तेवढं ढगात शिराल आणि पूर्वेला सरकाल तसं आभाळ उघडत जाईल. कास, ठोसेघर, चाळकेवाडी हे पश्चिमेकडचे, उंच आणि सपाट. अजिंक्यतारा मधला. पाटेश्वर, जरंडेश्वर, नांदगिरीचा कल्याणगड हे पूर्वेकडचे. एवढं डोक्यात ठेवलं की निम्मं काम झालं.

दुसरं म्हणजे धुकं दोन प्रकारचं असतं आणि हे लोकांना कोणी सांगत नाही. एक डोक्यावरचं, म्हणजे ढगच डोंगरावर बसलेला. तो कासला सकाळी सात वाजता असला तर दहा-अकराला थोडा उघडतो, कधी उघडतच नाही, कधी अर्धा तास उघडून परत बसतो. आणि दुसरं पायाखालचं, रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन गार होते आणि पहाटे खोऱ्यात धुकं साचतं, कृष्णा-वेण्णेच्या काठानं तर हमखास. हे धुकं तुम्ही वर उभं राहून बघायचं असतं! अजिंक्यताऱ्यावर पहाटे उभं राहिलात आणि खाली शहर दिसतच नाही, नुसता कापूस, आणि त्या कापसातनं जरंड्याचा माथा आणि नांदगिरी वर आलेले, हे मी इतक्या वेळा बघितलंय तरी अजून अंगावर काटा येतो. पण ते साडेआठ-नऊला ऊन चढलं की विरून जातं. म्हणजे पूर्वेकडचा आणि मधला डोंगर पहाटे करायचा, पश्चिमेकडचा उशिरा. बरेच लोक नेमकं उलटं करतात. पहाटे कासला पळतात गर्दी टाळायला आणि परत येताना दुपारी एक वाजता भर उन्हात अजिंक्यतारा, तोपर्यंत पोरं कंटाळलेली.

तुमच्यासाठी माझं उत्तर म्हणून अजिंक्यतारा पहाटेचा. सातारकर रोज फिरायला जातात तो किल्ला म्हणून बाहेरचे लोक त्याला हलकं समजतात, माझ्या मते हे चुकतंय. साधारण तीन हजार तीनशे फूट उंची, शहरापासनं चढ हजार फुटांच्या आसपास, आणि गाडीरस्ता थेट दरवाज्याजवळ जातो. हेच तुमच्या उपयोगाचं आहे. तुम्ही, मिस्टर आणि मुलगी शहरातल्या अदालतवाड्याच्या बाजूनं पायवाटेनं चढा, ती वाट वर गाडीरस्त्याला मिळते. आईंना कोणीतरी गाडीनं वर सोडायचं, किंवा सगळ्यांनी एकत्र चढायचं आणि उतरताना आईंसाठी गाडी वर आणायची. गुडघा दुखणाऱ्या माणसाला चढ त्रास देत नाही एवढा उतार देतो, दम लागला तर बसता येतं पण उतरताना प्रत्येक पावलाला सगळं वजन गुडघ्यावर येतं. माझा अंदाज सांगतो, घरच्या लोकांना घेऊन चढताना हजार फुटाला एक तास धरायचा, फोटो आणि पाणी पिणं धरून. तरणी पोरं अर्ध्या तासात जातात पण त्यांचा हिशेब आपल्याला लागू नाही.

सप्टेंबरअखेर सूर्य साधारण सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो. म्हणजे साडेपाचला पायथ्याला पाहिजे, आणि सांगलीहून पेठनाका-कराड करत यायला अडीच तास तरी लागतात, हायवेचं रुंदीकरणाचं काम कुठं चालू असलं तर जास्त. पहाटे तीनला उठवून आईंना आणू नका. शनिवारी संध्याकाळी येऊन सातारला मुक्काम करा, हा खर्च वाया जात नाही. आणि शनिवारी दिवस मावळायच्या आधी पोचलात तर चार भिंतीवर जाऊन या, ही किल्ल्याच्याच उतारावर आहे, प्रतापसिंह महाराजांनी दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातल्या बायकांना बघता यावी म्हणून बांधलेली जागा, आता तिथं अठराशे सत्तावनच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. थोडंसंच चालणं आणि सगळं शहर समोर. आईंना आवडेल.

किल्ल्यावर गेल्यावर लोक पहिल्या दरवाज्यातनं आत शिरतात, मारुतीच्या देवळापाशी दोन फोटो काढतात, टॉवर बघून म्हणतात "झालं" आणि फिरतात. असं करू नका. दरवाजा बघण्यासारखा आहे, दोन्ही बुरूज अजून धड आहेत, पण खरी मजा तटाच्या कडेनं पूर्ण फेरी मारण्यात आहे. सावकाश चालत दीड तास. आधी उगवतीकडच्या तटावर जा आणि सूर्य वर येईपर्यंत तिथंच बसा, जरंडा, कल्याणगड, चंदन-वंदनचे जोडकिल्ले ओळीनं दिसतात. मग ऊन पाठीवर आलं की पश्चिमेकडं या. आता समोर यवतेश्वराचा लांबलचक डोंगर आणि डावीकडं सज्जनगड, दोघांवर सरळ ऊन पडलेलं असतं त्यामुळं एकेक कडा, एकेक घळ उठून दिसते. हेच दृश्य संध्याकाळी बघितलं तर सूर्य डोळ्यात येतो आणि डोंगर नुसते काळे दिसतात, सूर्यास्ताच्या फोटोला ते बरं पण डोंगर बघायला नाही. फोटो काढणाऱ्यांना हे माहीत असतं, बाकीच्यांनी पण ध्यानात ठेवावं की सकाळी पश्चिमेला बघायचं आणि संध्याकाळी पूर्वेला.

मुलीला घेऊन मंगळाईच्या देवळापर्यंत नक्की जा. तिथल्या बुरुजाची गोष्ट तिला सांगा. औरंगजेब स्वतः सातारच्या वेढ्याला येऊन बसला होता, १६९९ च्या डिसेंबरपासनं, गड हाताला लागेना म्हणून एप्रिल १७०० मध्ये बुरुजाखाली सुरुंग लावले. पहिल्यानं बुरूज उडाला आणि मराठे दगावले, पण दुसरा उडाला तो वर चढणाऱ्या मोगलांच्याच अंगावर ढासळला. नंतर गड गेला, त्याचं नाव आजमतारा ठेवलं, आणि मराठ्यांनी परत घेतल्यावर तो अजिंक्यतारा झाला. बुरुजावर उभं राहून खाली बघत ही गोष्ट ऐकली की पोरांना ती कायमची लक्षात राहते, मी कितीतरी पोरांचे चेहरे बघितलेत त्या वेळी.

आता तुम्ही म्हणाल की तेवढ्या लांब येऊन कास नाही बघायचं? बघा की, पण रविवारी नको. कास जागतिक वारसा यादीत आहे, २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा घेतल्या त्यातली एक, आणि सप्टेंबर म्हणजे फुलांचा ऐन हंगाम, रोज किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे, बुकिंग ऑनलाइन आधी करावं लागतं. शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटापासनं गाड्यांची रांग लागते. शिवाय मला मनापासनं वाटतं की ती जागा व्ह्यू बघायची नाहीच, ती गुडघ्यावर बसून बघायची जागा आहे. जांभ्या दगडावर इंचभर माती, त्यात पाणी साचतं, आणि तिथं नखाएवढी फुलं, सीतेची आसवं, गेंद, मिकी माऊस म्हणतात ती पिवळी कवळ्याची फुलं. सीतेची आसवं ही वनस्पती बारीक जीव पकडून खाते, कारण त्या मातीत खायला काही नाही. घाईत आलेल्या माणसाला नुसता जांभळा-पिवळा पट्टा दिसतो. जायचं तर कामाच्या दिवशी रजा टाकून या, आणि एक बोट पण फुलाला लावू नका. तुमच्या मुलीला सोनकी आणि तेरडा तर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर पण भरपूर बघायला मिळतील.

धुक्यातल्या पठाराबद्दल एक माझा स्वतःचा प्रसंग सांगतो, कारण हा धोका लोकांना धोका वाटतच नाही. बरीच वर्षं झाली, चाळकेवाडीच्या बाजूला पठारावर आम्ही सहाजण चालत होतो, ऑगस्ट महिना, मी पुढं. डांबरी रस्त्यापासनं फार तर अर्धा किलोमीटर आत असू, कड्यापर्यंत जाऊन परत फिरायचं एवढाच प्लॅन. दहा मिनिटांत ढग बसला आणि हात लांब केला तर पंजा दिसेना. सपाट जागेवर चढ-उतार नसतो, झाड नसतं, त्यामुळं दिशा कळायचा काही मार्गच राहत नाही, आम्ही सरळ चाललोय असं समजून गोल फिरलो आणि आमच्याच बिस्किटाच्या पुड्याजवळ परत आलो. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं, सगळ्यांना खाली बसवलं आणि म्हटलं आता कोणी हलायचं नाही. पवनचक्कीचा घुम्म घुम्म आवाज येत होता पण तो पण सगळीकडनं आल्यासारखा. पाऊण तास बसलो, थंडीनं दात वाजत होते. ढग उचलला तर कडा आमच्यापासनं शंभर पावलांवर. त्या दिवसापासनं नियम केला की पठारावर धुकं आलं की जिथं आहे तिथं बसायचं, आणि चालायला लागण्याआधी मोबाईलमध्ये गाडीची जागा सेव्ह करायची. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, फक्त मॅप आधी डाउनलोड पाहिजे.

कड्याबद्दल पण सांगायला पाहिजे. आपले डोंगर काळ्या पाषाणाचे, लाव्हाचे थर एकावर एक, म्हणून पायऱ्या-पायऱ्यांसारखे कडे दिसतात, आणि पश्चिमेकडच्या उंच माथ्यांवर वरनं जांभ्याची टोपी. जांभा सच्छिद्र, पावसात पाणी पितो, खालनं पोखरतो, आणि त्याचा काठ वरनं धड दिसला तरी खाली पोकळ असू शकतो. त्यावर पावसाळ्यात शेवाळ. म्हणून काठापासनं दोन-तीन माणसांच्या उंचीएवढं मागं उभं राहायचं, पुढं वाकून बघायचं असेल तर पोटावर झोपून बघायचं, आणि सेल्फी काढताना पाठ दरीकडं करून मागं सरकायचं नाही म्हणजे नाही. मुलीचा हात मिस्टरांच्या हातात, फोन खिशात. किल्ल्याच्या तटावर पण हेच, जुन्या तटाचे दगड सुटलेले असतात.

आग्या मोहोळ हा दुसरा खरा धोका. कड्यांना, जुन्या दरवाज्यांना मोठी मोहोळं लटकलेली असतात. धूर, सेंट, आरडाओरडा, दगड मारणं यातलं काही करायचं नाही. त्या दिवशी अत्तर-बॉडी स्प्रे घरीच ठेवा.

आणि दुपारी दोनच्या आत खाली. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये पाऊस परत फिरतो तेव्हा सकाळ कोरडी आणि दुपारनंतर गडगडाट, विजा. उघड्या माथ्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. ढग काळे व्हायला लागले, लांब गडगडलं, की व्ह्यू-बिव्ह्यू सोडून उतरायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

समजा रविवारी पहाटे खिडकी उघडली आणि अजिंक्यताराच ढगात दिसला, तर काय करायचं? तर पूर्वेला वळायचं. पाटेश्वर. देगावच्या बाजूनं जायचं, सातारपासनं गाडीनं अर्धा तास धरा. पायवाट पाऊण तासाची, झाडीतनं, चढ सौम्य, वाटेत गणपती, वर कमळांची पुष्करणी आणि मग लेणी, ज्यात शंकराच्या पिंडीच पिंडी, मोठ्या, बारक्या, भिंतीवर कोरलेल्या, हजाराच्या हिशोबात म्हणा ना. मुलीला मोजायला लावा. व्ह्यू अजिंक्यताऱ्याएवढा मोठा नाही, हे खरं, पण शांतता तिथं आहे. जरंडेश्वर पण पूर्वेलाच आणि वरनं खूप लांबचं दिसतं, पण पायऱ्या भरपूर आणि उतरताना आईंचा गुडघा बोलेल. तुम्ही दोघं कधी परत आलात तर करा. कल्याणगड तुमच्या मिस्टरांना आवडेल असं वाटतंय, तिथं गुहेत गुडघाभर पाण्यातनं आत गेल्यावर पार्श्वनाथ आणि दत्त, पण ते टॉर्च घेऊन आणि पाय भिजवायची तयारी असेल तर.

अजिंक्यतारा नीट झाला आणि अकरापर्यंत सगळे टवटवीत असतील तर सज्जनगड जोडा. गाडी बरीच वर जाते, पुढं पायऱ्या, आई बसत-उठत आरामात चढतील, दोन्ही दरवाजे बघत. समर्थांची समाधी आहे, १६८२ मध्ये तिथंच त्यांनी देह ठेवला. दुपारी महाप्रसाद असतो, पंगतीत बसून जेवायचं. पण दर्शन झाल्यावर लगेच फिरू नका, गडाच्या शेवटच्या टोकाला धाब्याचा मारुती आहे तिथपर्यंत चाला, सपाटच आहे. त्या टोकावरनं खाली उरमोडीचं पाणी वळणं घेत डोंगरांच्या पोटात शिरलेलं दिसतं. सप्टेंबरात धरण भरलेलं आणि डोंगर हिरवे, तुम्ही "दरी, डोंगर, पाणी" म्हणालात ते तिन्ही एका जागी. माकडं आहेत, पिशवी हातात धरून खायचं काढू नका.

सामानाचं जास्त काही नाही. तळाला नक्षी असलेले बूट, घासून गुळगुळीत झालेले स्पोर्ट शूज पावसाळ्यात बर्फासारखे घसरतात. माणशी दीड-दोन लिटर पाणी. आईंना एक काठी, साधी वेळूची चालते, उतरताना ती पुढं टेकवून मग पाय टाकायचा आणि पावलं छोटी, जरा तिरकी. प्लास्टिकच्या पातळ रेनकोटपेक्षा चांगलं जॅकेट, कारण वर वारा असतो, घाम वाळला की थंडी वाजते. खायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळी. कंदी पेढे शनिवारीच घेऊन ठेवा, दमलेल्या पोराला एक पेढा दिला की अर्धा तास चालतं, हे मी ग्लुकोजच्या पुड्यांपेक्षा भारी मानतो.

आणि शनिवारी निघताच आलं नाही, रविवारी पहाटेच निघावं लागलं, तर सातारपर्यंत येऊच नका. कराडला थांबा, ओगलेवाडीजवळचा सदाशिवगड करा. पायऱ्या हजाराच्या घरात, वर महादेवाचं देऊळ, कराडची माणसं रोज सकाळी चढतात त्यामुळं सोबत असते, आणि वरनं कृष्णा-कोयनेचं सगळं खोरं, उसाची हिरवी शेतं. आईंना मात्र त्या दिवशी खाली प्रीतिसंगमावर बसवा, संगमाचा घाट, बाग, सावली सगळं आहे, तुम्ही दोन-अडीच तासांत उतरून याल. निघायच्या आदल्या रात्री आभाळात चांदण्या दिसल्या का आणि वारा कुठनं येतोय ते एकदा अंगणात उभं राहून बघा, आणि काही अडलं तर मला इथंच विचारा, मी रविवारी सकाळी सातारचं आभाळ कसं आहे ते सहा वाजता लिहून टाकीन.